केशवाहिन्यांची मोजदाद

अमेरिकेच्या आरमारापुढे १९६० च्या सुमारास एक निव्वळ व्यावहारिक अडचण उभी होती. महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या प्रचंड विमानवाहू नौकांवर ताजे रक्त टिकत नसे. तेव्हा वाळवून ठेवता येईल आणि प्रसंग पडताच पाण्यात कालवून रुग्णाला देता येईल असे एखादे द्रव्य रक्ताच्या जागी चालते का, याचा शोध घेण्याची तजवीज बेथेस्डा येथील आरमारी वैद्यकीय केंद्रात करण्यात आली. या कामावर नेमल्या गेलेल्या तरुण डॉक्टरांपैकी एक होता ज्यूडा फोकमन. एका रब्बीचा हा मुलगा बॉस्टनला शल्यविद्या शिकत होता. आरमारातील सेवेसाठी ते शिक्षण मध्येच थांबवून तो येथे आला होता आणि वयाची तिशीही त्याने अजून गाठलेली नव्हती. त्याने व त्याचा सहकारी फ्रेडरिक बेकर याने सशाची थायरॉइड ग्रंथी काचेच्या पात्रात ठेवून तिच्या धमनीतून हीमोग्लोबिनचे द्रावण खेळवले, आणि अशा स्थितीत ती ग्रंथी खरोखर जिवंत राहते की नुसती जिवंत दिसते, याची रुजुवात घेण्यासाठी उंदराच्या मेलानोमा या काळ्या अर्बुदाच्या पेशी तिच्यात सोडल्या. पेशी वाढल्या, त्यांच्या गाठी झाल्या. परंतु एक-दोन मिलिमीटरांच्या मर्यादेला पोचताच त्या सर्व गाठी थांबल्या. त्या मेल्या म्हणावे, तर तसेही नव्हते, कारण त्याच गाठी पुन्हा जिवंत उंदराच्या अंगात घालताच त्या बेसुमार वाढू लागल्या. काचेतल्या ग्रंथीत आणि उंदराच्या देहात फरक होता तो एवढाच, की उंदराच्या देहातील गाठीत नव्या रक्तवाहिन्या शिरल्या होत्या आणि काचेतल्या गाठीत एकही शिरली नव्हती.

अर्बुदाभोवती रक्तवाहिन्यांचे जाळे माजते ही गोष्ट काही नवी नव्हती. फ्रायबुर्गचा शल्यवैद्य एडविन गोल्डमन याने १९०७ मध्येच अर्बुदांच्या रक्तवाहिन्या भरून, त्यांचे वेडेवाकडे विस्तार दाखवून, या विषयावर सविस्तर लिहिले होते. पुढे १९३९ मध्ये सशाच्या कानात बसवलेल्या पारदर्शक कुपीतून आणि १९४५ मध्ये ग्लेन अल्गायर याने उंदराच्या त्वचेत बसवलेल्या तशाच खिडकीतून या वाहिन्या उगवताना प्रत्यक्ष पाहिल्याही गेल्या होत्या. अर्बुदाची झपाट्याची वाढ या नव्या केशवाहिन्यांवर अवलंबून असावी, असे अल्गायरने तेव्हाच सुचवले होते. परंतु शास्त्राच्या दप्तरात असे कितीतरी कागद नुसते नोंद होऊन पडून राहतात. वाहिन्यांची ती गर्दी म्हणजे सूज किंवा मरणाऱ्या ऊतींचा परिणाम, असे मानून विकृतिशास्त्रज्ञ पुढे सरकत. ती अर्बुदाच्या वाढीचे कारण असेल अशी शंका घेण्याचे प्रयोजन कोणाला वाटले नाही. फोकमनचे वैशिष्ट्य निरीक्षणात नव्हते, त्याने त्या निरीक्षणातून काढलेल्या निष्कर्षात होते. नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याने मांडले की, अर्बुद स्वतःच काही द्रव्य स्रवून शेजारच्या वाहिन्यांना आपल्याकडे ओढून घेते; ही रसद मिळेपर्यंत ते टाचणीच्या डोक्याएवढेच राहते; आणि म्हणून ही रसद तोडता आली, तर अर्बुदाला हात न लावताही त्याला जागच्या जागी कोंडता येईल. गडाला वेढा घालून दाणागोटा बंद करायचा आणि किल्लेदाराला खाली यायला लावायचे, ही जी युक्ती आपल्याकडच्या बखरींत पानोपानी आढळते, तिचाच हा वैद्यकीय अवतार होता म्हणायला हरकत नाही. मात्र काही गडांवर कोठारे भरलेली असतात आणि काहींना चोरवाटा असतात, हे ज्या लढवय्याला ठाऊक नसते त्याचा वेढा फसतो, आणि पुढे स्वादुपिंडाच्या बाबतीत नेमके तेच झाले.

फोकमनची पुढची दहा वर्षे उपेक्षेत गेली. बॉस्टनच्या बालरुग्णालयात वयाच्या चौतिसाव्या वर्षी मुख्य शल्यवैद्य झालेला हा बुद्धिमान माणूस न दिसणाऱ्या द्रव्यामागे लागून आपली शल्यविद्या वाया घालवतो आहे, अशीच जाणत्यांची भावना होती. १९७४ मध्ये मोन्सॅन्टो कंपनीने हार्वर्ड विद्यापीठाशी बारा वर्षांचा, सुमारे २ कोटी ३० लक्ष डॉलरांचा करार करून त्याच्या प्रयोगशाळेला पैसा पुरवला. खासगी कंपनीने विद्यापीठाच्या संशोधनाचा असा भार उचलणे तेव्हा इतके अपूर्व होते, की त्या पैशाने त्याला मित्रांपेक्षा टीकाकारच अधिक मिळवून दिले. १९८१ मध्ये मुख्य शल्यवैद्याचे पद सोडून त्याने प्रयोगशाळा पत्करली. माझ्या मते त्याच्या चरित्रातील हा सर्वांत धाडसाचा निर्णय होय, कारण त्या वर्षी त्याच्या हाती ते द्रव्य नव्हतेच.

ते द्रव्य सापडले दुसऱ्यांना, आणि तेही आडवाटेने. १९८३ मध्ये बॉस्टनमध्येच हॅरॉल्ड ड्वोरॅक व डोनाल्ड सेंगर यांनी गिनीपिगच्या अर्बुदातून असे एक प्रथिन ओळखले, की ज्यामुळे वाहिन्यांच्या भिंती गळू लागतात. सहा वर्षांनी कॅलिफोर्नियातील जेनेनटेक कंपनीत नेपोलिओने फेरारा याने बैलांच्या पियुषिका ग्रंथीतील पेशींतून, वाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशी वाढवणारे एक प्रथिन निराळे काढले. आणि दोन्ही प्रथिनांची जनुके वाचून पाहिली तेव्हा दोन्ही एकच निघाली. आज ‘व्हीईजीएफ’ या अक्षरांनी ओळखला जाणारा हा वाहिनी-वृद्धिघटक होय. ड्वोरॅकला तो वाहिनीला भोके पाडणारा वाटला, फेराराला वाहिनी वाढवणारा. आणि तो दोन्ही होता.

आता अर्बुदाच्या स्वभावाचे भाकीत करण्यासाठी दोन निरनिराळी मापे हाती आली: एक हुकूम सोडणाऱ्या द्रव्याचे आणि दुसरे त्या हुकुमाबरहुकूम उगवलेल्या वाहिन्यांचे. दुसऱ्या मापाची सुरुवात बॉस्टनच्या नोएल वाइडनर या विकृतिशास्त्रज्ञाने, फोकमनला सोबत घेऊन, जानेवारी १९९१ मध्ये केली. त्याची रीत वर्णन करण्यासारखी आहे, कारण पुढच्या साऱ्या वादांचे बीज तिच्यात आहे. स्तनाच्या अर्बुदाचा कागदासारखा पातळ काप घ्यायचा. वाहिन्यांच्या अस्तराला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने तो रंगवायचा, म्हणजे केशवाहिन्या तपकिरी उमटतात. प्रथम कमी शक्तीच्या भिंगातून सारा काप न्याहाळून तपकिरी ठिपक्यांची सर्वांत दाट जागा निवडायची, आणि मग दोनशे पट मोठ्या दिसणाऱ्या एका वर्तुळात त्या एकेक मोजायच्या. पोकळी दिसलीच पाहिजे असे नाही; शेजारच्या ठिपक्यापासून सुटी असलेली एक तपकिरी पेशीसुद्धा एक वाहिनी म्हणून धरायची. अशा ४९ स्त्रियांच्या गाठी त्याने मोजल्या. ज्या तीस जणींचा रोग अन्यत्र पसरला होता त्यांच्या गाठींत सरासरी १०१ वाहिन्या होत्या. उरलेल्या १९ जणींत ४५. दुपटीहूनही अधिक असलेला हा फरक पाहून विकृतिशास्त्राच्या खात्यात मोजणीची जणू साथच पसरली. फुप्फुस, प्रोस्टेट, आतडे, मूत्राशय, ज्या ज्या अवयवाचे जुने मेणाचे ठोकळे कपाटात होते ते ते बाहेर निघाले, आणि वाहिन्या जास्त तर आयुष्य कमी असा दाखला मागून मागून मिळवला गेला.

या मोजदादीत एक कच्चा दुवा पहिल्यापासून होता. दाट जागा निवडायची ती मोजणाऱ्याच्या डोळ्याने. कोणी एका प्रतिपिंडाने रंगवी, कोणी सीडी-३१ ने, कोणी सीडी-३४ ने, आणि तीच गाठ तीन रंगांत तीन आकडे देई. पण त्याहून खोल अशी दुसरी अडचण होती. काचपट्टीवर दिसणारी वाहिनी रक्त वाहते आहे की बंद पडली आहे, हे सांगत नाही. लिन ह्लाट्की व फिलिप हानफेल्ट यांच्याबरोबर स्वतः फोकमननेच २००२ मध्ये लिहून टाकले की, ही घनता म्हणजे दोन वाहिन्यांमधले अंतर, आणि ते अंतर पेशींच्या भुकेवरून ठरते. अर्बुद वाहिन्यांवर किती विसंबून आहे किंवा वाहिन्या रोखणाऱ्या औषधाला ते दाद देईल की नाही, याचा निवाडा त्या आकड्यावरून करता येत नाही. ज्या मोजणीच्या जन्माला आपण हजर होतो, तिच्या मर्यादा आपणच नोंदवणे ही गोष्ट शास्त्रात जितकी घडावी तितकी घडत नाही.

स्वादुपिंडाने तर ही अडचण उघड्यावरच आणली. जठराच्या मागे आडवे पडलेले हे पिंड म्हणजे एकाच जागी नांदणारी दोन घराणी आहेत. त्याचा बहुतेक भाग पाचक रस तयार करून बारीक नळ्यांवाटे आतड्यात सोडतो. आणि या रसाळ मुलखात पाउल लँगरहान्स याने १८६९ मध्ये बर्लिनच्या आपल्या प्रबंधात नोंदवलेली पेशींची लहान लहान बेटे विखुरलेली असतात, जी इन्सुलिनादि संप्रेरके थेट रक्तात सोडतात. वजनाने ही बेटे सबंध पिंडाच्या शेकडा एक-दोन. पण पिंडात येणाऱ्या रक्ताचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक त्यांच्याकडे जातो, कारण संप्रेरक वाहून न्यायचे तर प्रत्येक पेशीच्या दारी केशवाहिनी हवी. नळ्यांच्या अस्तरातून उठतो तो स्वादुपिंडाचा नेहमीचा, नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत आढळणारा आणि अत्यंत घातक कर्करोग. बेटांच्या पेशींतून उठतात ती विरळ आणि पुष्कळदा संथ चालीची अंतःस्रावी अर्बुदे.

फोकमनच्या सिद्धांताला सर्वांत देखणा पुरावा मिळाला तो याच बेटांमधून. डग्लस हॅनाहन याने १९८५ मध्ये, इन्सुलिनच्या जनुकाचा चालक तुकडा एका विषाणूच्या अर्बुदकारी जनुकाला जोडून, असे उंदीर निपजवले होते की ज्यांच्या सुमारे चारशे बेटांपैकी प्रत्येकात ते जनुक जागे असे. तरीही सारीच बेटे अर्बुद होत नसत. पुष्कळ बेटे नुसती फुगत आणि त्यांतील थोडी पुढे गाठी होत. १९८९ मध्ये फोकमन व हॅनाहन यांनी ही बेटे एकेक करून सोडवून घेतली आणि वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींसह मऊ कोलॅजनमध्ये ठेवली. निरोगी बेटांकडे त्या पेशी ढुंकूनही पाहत नव्हत्या. फुगलेल्या बेटांपैकी बहुतेकांकडेही नाही. पण फुगलेल्यांतील थोड्या बेटांच्या दिशेने मात्र त्या सरसावून वळू लागत, आणि या थोड्यांचे प्रमाण पुढे होणाऱ्या गाठींच्या प्रमाणाशी जुळत होते. म्हणजे वाहिन्यांना बोलावण्याचा हुकूम अर्बुद होण्याच्या आधीच सुटतो. आजही मला असे वाटते की, या विषयावरच्या शेकडो निबंधांत इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग क्वचितच असेल.

उंदरांच्या बेटांनी एवढे स्पष्ट उत्तर दिल्यावर माणसाच्या स्वादुपिंडातही तेच दिसेल अशी अपेक्षा होणे स्वाभाविक होते, आणि नळ्यांच्या कर्करोगात आरंभी ते दिसलेही. जपानमधल्या शल्यवैद्यांनी १९९९ व २००० च्या सुमारास काढून टाकलेल्या गाठी तपासल्या, तेव्हा ज्यांत व्हीईजीएफ भरपूर आढळला त्या रुग्णांत यकृतात रोग पसरण्याचे प्रमाण अधिक आणि आयुष्य कमी असा त्यांचा निष्कर्ष निघाला. परंतु कोणत्याही क्ष-किरण विभागात जाऊन पाहावे तर चित्र उलटे. रक्तात रंगद्रव्य सोडून सीटी स्कॅन काढला की नळ्यांचा कर्करोग भोवतालच्या उजळ पिंडात काळसर, रक्तहीन डागासारखा दिसतो, आणि बेटांचे अर्बुद धमनीच्या पहिल्या लोटातच दिव्यासारखे पेटते. स्वादुपिंडाचा जो रोग महिन्यांत मारतो त्यात वाहिन्या कमी, आणि ज्याच्यासोबत माणूस वर्षानुवर्षे जगू शकतो त्यात वाहिन्यांची रेलचेल.

बेटांच्या अर्बुदांतली मोजणी जेव्हा फ्रान्समध्ये काळजीपूर्वक झाली, तेव्हा वाइडनरचा नियम तेथे सरळ पालथा पडला. २००३ मध्ये एका फ्रेंच गटाने दाखवले की, या अर्बुदांत केशवाहिन्या कमी असणे हेच अशुभ लक्षण आहे. दोन वर्षांनी आन कुव्हेलार व सहकाऱ्यांनी भर घातली: सौम्य अर्बुदांत वाहिन्या दाट आणि व्हीईजीएफ भरपूर, रोग जसजसा क्रूर होत जातो तसतसे दोन्ही घटत जातात, आणि प्राणवायूच्या तुटवड्याच्या खुणा मात्र वाढतात. यामागचे कारण बेटांच्या मूळ घडणीत आहे. सौम्य अर्बुद आपल्या घराण्याची रीत विसरत नाही. बेटाचे दाट जाळे ते जसेच्या तसे घेऊन येते, आणि ते जाळे नव्याने केलेल्या बंडाची निशाणी नसून जुन्या शिस्तीचा अवशेष असते. पेशी आपली ओळख हरवतात तेव्हा वाहिन्याही हरवतात. आज विकृतिशास्त्रज्ञ या अर्बुदाची प्रत ठरवतो ती वाहिन्या मोजून नव्हे, तर केआय-६७ या खुणेने विभाजन पावणाऱ्या पेशी मोजून. आणि माझ्या अल्पमतीप्रमाणे हा बदल योग्यच आहे.

औषधांच्या बाजूला काय घडत होते? मे १९९८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावरील एका बातमीने फोकमनच्या प्रयोगशाळेतील वाहिन्या रोखणाऱ्या द्रव्यांविषयी जगभर हाकाटी केली, ती द्रव्ये विकसित करणाऱ्या कंपनीचे भाग एका दिवसात गगनाला भिडले, आणि हजारो रुग्णांनी दूरध्वनी केले. उंदरांचा कर्करोग आपण बरा करू शकतो, माणसांचे अजून ठाऊक नाही, अशा अर्थाचे फोकमनचे बोल कोणी ऐकून घेतले नाहीत. फेब्रुवारी २००४ मध्ये व्हीईजीएफला जखडून ठेवणारे बेव्हासिझुमॅब हे प्रतिपिंड मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मंजूर झाले. त्या चाचणीत मध्यक आयुर्मान १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेले होते. साहजिकच दृष्टी स्वादुपिंडाकडे वळली, कारण तेथे जेमसिटाबिन या औषधाखेरीज फारसे काही नव्हते. अमेरिकेतील ६०२ रुग्णांच्या चाचणीत जेमसिटाबिनबरोबर निम्म्यांना बेव्हासिझुमॅब आणि निम्म्यांना निष्क्रिय द्रव दिला गेला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: बेव्हासिझुमॅबवाल्यांचे मध्यक आयुर्मान ५.८ महिने, दुसऱ्यांचे ५.९. याच प्रतिपिंडाची युरोपातील ६०७ रुग्णांची चाचणी आयुर्मान वाढवण्यात अयशस्वी ठरली. आणि व्हीईजीएफचा हुकूम झेलणारे पेशींवरील ग्राहक बंद करणाऱ्या ॲक्सिटिनिबची ६३२ रुग्णांची चाचणीही तशीच गेली.

आणि बेटांच्या अर्बुदात? २०११ मध्ये १७१ रुग्णांवर सुनिटिनिब या गोळीची चाचणी झाली. तिचे एक काम व्हीईजीएफच्या ग्राहकांना रोखणे हेच होते. रोग न वाढता गेलेला काळ साडेपाच महिन्यांवरून ११.४ महिन्यांवर गेला आणि चाचणी लवकर थांबवली गेली. म्हणजे ज्या अर्बुदात वाहिन्या अधिक असणे हे शुभ लक्षण, त्याच अर्बुदात त्या वाहिन्यांवरचा हल्ला उपयोगी पडला; आणि ज्यात व्हीईजीएफ अधिक म्हणजे अशुभ, त्यात तो फुकट गेला. रोग पुढे कसा वागेल हे सांगणारे चिन्ह आणि औषध लागू पडेल का हे सांगणारे चिन्ह, या दोन गोष्टी एकच असतील असे आपण इतकी वर्षे गृहीत धरून चाललो होतो. फोकमन हे पाहायला राहिला नाही. जानेवारी २००८ मध्ये एका परिषदेला जाताना डेन्व्हरच्या विमानतळावर त्याला हृदयविकाराने गाठले.

त्या अमेरिकी चाचणीतील रुग्णांचे रक्त मात्र जपून ठेवले होते. अँड्र्यू निक्सन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्यातील वाहिनी-वृद्धीशी संबंधित अनेक प्रथिने मोजली, तेव्हा सरासरीखाली झाकलेला तपशील वर आला. व्हीईजीएफच्याच कुळातील व्हीईजीएफ-डी हा घटक ज्यांच्या रक्तात कमी होता त्यांना बेव्हासिझुमॅबचा फायदा झाल्यासारखा दिसत होता, आणि ज्यांच्या रक्तात तो अधिक होता त्यांना होत नव्हता. मागे वळून केलेल्या तपासणीचे जे दोष असतात ते यालाही आहेत, म्हणून हा दाखला कच्चाच समजला पाहिजे.

नळ्यांच्या कर्करोगात वाहिन्या कमी का, हा प्रश्न तोवर वेगळ्याच वाटेने सुटू पाहत होता. या गाठीचा बराचसा भाग पेशींचा नसतोच. तो असतो कोलॅजन आणि हायलुरोनन यांच्या टणक, चिवट आवरणाचा, ज्याच्या दाबाने केशवाहिन्या चेपून बंद पडतात. २००९ मध्ये केनेथ ऑलिव्ह व डेव्हिड टव्हेसन यांनी उंदरांत हे आवरण ‘हेजहॉग’ नावाच्या संदेशमार्गाला रोखून विरळ केले, तेव्हा वाहिन्या वाढल्या, जेमसिटाबिन आत पोचले आणि उंदीर थोडे अधिक जगले. त्याच तऱ्हेचे औषध माणसांना दिले गेले. पण ते घेणारे रुग्ण न घेणाऱ्यांहून लवकर मरत असल्याचे आढळून २०१२ च्या आरंभी ती चाचणी थांबवावी लागली. का, याचे उत्तर दोन वर्षांनी पेनसिल्व्हेनियातील अँड्र्यू र्‍हिम व बेन स्टँगर यांच्या उंदरांनी दिले. ज्या उंदरांत या आवरणाला जन्म देणारा संदेश जन्मतःच तोडला होता, त्यांच्या गाठी मऊ झाल्या, वाहिन्यांनी भरून गेल्या, आणि अधिकच आक्रमक बनल्या. आवरण औषधाला अडवत होते तसेच ते रोगालाही आवरत होते. तेथे वाइडनरचा जुना नियम पुन्हा खरा ठरला होता. आणि व्हीईजीएफच्या ग्राहकाला रोखणारे प्रतिपिंड, ज्याच्या भाऊबंदांनी अठराशेहून अधिक रुग्णांच्या तीन चाचण्यांत आयुष्य वाढवले नव्हते, ते या वाहिन्यांनी भरलेल्या गाठींच्या उंदरांना दिले, तेव्हा ते उंदीर अधिक काळ जगले.